वाचून न दाखवलेली फिर्याद

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. कोकणातून एवढ्या लांब परभणी जिल्ह्यात पोलीस शिपाई म्हणून आलो आणि रिटायर होऊनही इथंच राहिलो. नोकरीत बदल्या झाल्या, बंदोबस्त झाले. त्यातलं पुष्कळ विसरलो. पालमकडची ती बाई विसरलो नाही.

नोकरीला वर्षही झालं नव्हतं. अक्षर बरं म्हणून साहेबांनी फिर्यादी लिहायला बसवलं होतं. शेरडं राखणारी ही बाई आली. तिच्या सहा शेळ्या चोरीला गेल्या होत्या, अन् घर त्यांच्यावरच चालायचं. ओळखीची खूण विचारली तर तिनं स्वतःचा कान धरून दाखवला.

"हितं चीर हाय. आमच्या घरचे समदे असंच करतेत."

मी समोर बसलेलो. तो कान मला माझ्या डाव्या अंगाला दिसला. मी डावा लिहिला. तिची एसटी सुटायला आली होती. मी खाली 'फिर्याद वाचून दाखवली, ती बरोबर आहे' असं नेहमीचं वाक्य घातलं आणि अंगठा घेतला. वाचून दाखवलीच नव्हती.

शेळ्या एका माणसाकडे सापडल्या. तिनं त्या लांबूनच ओळखल्या, म्हणून कागदाशी कुणी ताडून पाहिलं नाही. साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर कागद चाळताना माझ्या लक्षात आलं. शेळ्यांच्या पंचनाम्यात चीर उजव्या कानाला होती. तिला सगळं सांगितलं.

"मावशी, चूक माझी आहे."

"मंग तुझं काय करतील?"

"नोकरी जाईल."

"घरी कोण हाय?"

"आई, अन् दोन बहिणी."

ती पदराशी चाळा करत बसली. "खरं तेच सांगा," हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मी बोललो नाही.

आत आरोपीच्या वकिलानं फिर्यादीतल्या 'डावा कान' या शब्दांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दावलं व्हतं. माजंच ध्यान नव्हतं."

तो माणूस सुटला. शेळ्या त्यालाच मिळाल्या. बाहेर आल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकलो, तशी ती मागं सरली.

"ऱ्हाऊ दे, जमादार. म्होरल्या बाईला तरी वाचून दावत जा."

त्या नोकरीवर बहिणींची लग्नं झाली, माझा संसार झाला. पुढं दोनदा तिच्या गावाला जायला निघालो. दोन्ही वेळा फाट्यावरून परत फिरलो. काय तोंड दाखवणार होतो?

पण त्या दिवसानंतर फिर्याद देणाऱ्याला मी कधी समोर बसवलं नाही. शेजारी बसवायचो, दोनदा वाचायचो, मगच अंगठा. सोबतचे हसायचे, "ह्यांची शाळा भरली बघा." हसू दिलं. आता गल्लीतली माणसं तहसीलचे कागद घेऊन येतात. मी खुर्ची शेजारी ओढतो, आणि अजूनही दोनदा वाचून दाखवतो.