हत्तीची लक्ष्मी

आमच्या देवघरात खंडोबा, बिरोबा आणि गेलेल्या वाडवडलांचे चांदीचे टाक आहेत. त्यांच्या शेजारी रुपयापेक्षा बरीच मोठी, गोल, चांदीची एक लक्ष्मी आहे. तिच्या डोक्यावर पदर, पदरावर मुकुट आणि पाठीमागच्या बाजूला हत्ती. घरात तिला हत्तीची लक्ष्मी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या हळदीकुंकू लावून तिचं नाक पार झिजलंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाच्या सुनेने तिचा फोटो काढून मोबाईलवर शोधाशोध केली आणि भीतभीत सांगितलं, की ही लक्ष्मी नाही, इंग्लंडची राणी आहे. पलटणीतल्या शिपायांना मिळायचं ते हे पदक आहे आणि हत्तीच्या पाठीवर अंबारी नसून तोफ आहे.

मी पोट धरून हसले. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सुतक पडलं. इतकी वर्षं आपण गोऱ्या राणीला नैवेद्य दाखवला, म्हणून कुणी शांत करायला सांगितली, कुणी तिला नदीत सोडा म्हणालं. मी कळवून टाकलं की देव माझ्या घरात आहेत आणि राणी आहे तिथेच बसेल. वडलांनी मरताना गावच्या घरातले देव मुलीच्या हवाली केले, म्हणून हीच भावकी चार महिने माझ्याशी बोलत नव्हती. त्यामुळे मला आता अबोल्याची भीती राहिलेली नाही.

त्या चुलत भावाची कळी मात्र खुलली. सांगोल्याकडच्या आमच्या गावात तो डाळिंबाची बाग करतो, हौशी माणूस आहे. आमचे पणजोबा पलटणीत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धनगराचा पोरगा, ऐन दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा पोटासाठी भरती झाला. काबूल-कंदाहारच्या बाजूला गेला, काही वर्षांनी एका कानाने बहिरा होऊन परत आला आणि मरेपर्यंत पुन्हा मेंढरांमागे हिंडला. एवढीच त्याची गोष्ट. लढाईबद्दल तो कुणाशी अवाक्षर बोलला नाही. पण आता पुरावा मिळाला म्हटल्यावर भावाने पणजोबाचं शिल्प करायचं ठरवलं, घोड्यावर बसून हातात तलवार घेतलेलं. सोबत घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक. पायदळातल्या माणसाला घोडा कुणी दिला, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "आक्का, उगं खोड काढू नको की."

पुस्तकासाठी त्याने सोलापूरला माझ्याकडे येऊन पदकाचे फोटो काढून नेले. आठवड्याने त्याचा फोन आला. पुण्यातल्या कुणा जाणकाराने त्याला सांगितलं होतं, की अशा पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. भाऊ म्हणाला, ते साफ करून वाच, म्हणजे तेही छापता येईल.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवरात्राच्या आदल्या दिवशी टाक उजळतात. चिंच, राखुंडी, मग कोमट पाणी. ते मला चुलतीने शिकवलं, म्हणजे ह्याच भावाच्या आईने. काकू आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी शिकवताना बजावलं होतं की लक्ष्मी तोंडाकडून घासायची, हत्तीकडून घासायची, पण कडेला बोटसुद्धा लावायचं नाही. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, नवी नवरी म्हणून आली तेव्हा पणजोबाने स्वतः तिला हे सांगितलं होतं. तो सुनेशी कधी बोलत नसे. बोलला ते एवढंच. म्हणून कडेवर शंभर वर्षांचा काळा मळ साचलेला. आम्ही बायका देवाच्या कामात 'का' असं विचारत नाही, आणि मी इंग्रजीची मास्तरीण असूनही ते कधी विचारलं नाही, याची मला आता लाज वाटते.

आमच्या शेजारी एक जुने विणकर राहतात. चादरीच्या कापडातले धागे मोजायचं त्यांचं छोटं भिंग मी मागून आणलं. मळ ओल्या कापसाने हळूहळू भिजवून काढला, चिंच लावली नाही. अक्षरं इंग्रजी, तिरकी, एकमेकांत गुंतलेली होती. आधी हुद्दा लागला, शिपाई. मग आकडा. मग नाव. मी ते तीनदा वाचलं, वही घेऊन एकेक अक्षर उतरवलं, पुन्हा वाचलं. ते आमच्या पणजोबाचं नाव नव्हतं. माणूस आमच्या घरातला नव्हता, आमच्या जातीतला नव्हता, आमच्या देवांचाही नव्हता.

मी वही मिटून ठेवली. रात्री जेवण गेलं नाही. माणूस लढाईत मेला की त्याच्या अंगावरचं कोण काय काढून घेतं, हे काही मला न कळण्यासारखं नाही. आमचा पणजोबा प्रेताच्या छातीवरचं पदक उपटणारा होता का? लहानपणापासून ज्याच्या टाकाला मी नमस्कार केला त्याच्याबद्दल मला हा प्रश्न पडला, आणि उत्तर द्यायला कुणी जिवंत नव्हतं.

भावाला मी काहीही न लपवता सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो डाळिंबाची पेटी घेऊन दारात हजर. चहा होईपर्यंत त्याने पाऊस, बाग, काकूंचे गुडघे असलं सगळं सांगून घेतलं. मग म्हणाला की सांगोल्यात त्याचा ओळखीचा सोनार आहे. कड घासून गुळगुळीत करायला त्याला दहा मिनिटं पुरतील, आणि हवं तर त्यावर पणजोबाचं नाव टाकून देईल. कुणाला पत्ताही लागणार नाही.

मी म्हटलं, "मला लागलाय ना पत्ता."

त्याचा चेहरा उतरला. "मग काय आपला पणजा चोर हुता म्हनून पुस्तकात छापायचं? गावात तोंड कुटं दाखवायचं आमी?"

हा माणूस वाईट नाही. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो पंधरा दिवस बाग सोडून इथे राहिला होता. म्हणून मी त्याला शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, चोराने पहिल्यांदा काय केलं असतं? कड घासली असती. दगडावरसुद्धा घासता आली असती. ह्या माणसाला वाचता येत नव्हतं, पण तिथे आपल्या सोबत्याचं नाव आहे एवढं कुणीतरी त्याला सांगितलं असणार. ते पुसू नये म्हणून त्याने सुनेला ताकीद दिली. स्वतःच्या छातीवर नाही मिरवलं, देवांत नेऊन ठेवलं. त्याचं स्वतःचं पदक कुठे आहे? घरात नाही. बहुतेक एखाद्या वाईट सालात मोडून खाल्लं असेल, आणि हे नाही मोडलं. मला वाटतं, त्याला हे त्या सोबत्याच्या घरी पोचवायचं होतं आणि घर सापडलं नाही.

"तुला वाटतं," भाऊ म्हणाला. "पुरावा न्हाय."

पुरावा नाही, हे मी कबूल केलं. आणि वर सांगितलं, की उद्या तो चोर ठरला तरी मी चोराची पणती म्हणून राहीन, पण दुसऱ्याचं नाव खरवडून आपलं टाकणार नाही. मेलेल्याकडून एकदा घेतलं असेल तर असेल, आपण त्याच्याकडून पुन्हा घ्यायचं नाही. तो चहा न संपवता उठला. पेटी ठेवून गेला, एवढं खरं.

पुस्तक निघालं. भावकीच्या मेळाव्यात, शिल्पाच्या मांडवात, ते वाटायचं होतं. मला बोलावणं नव्हतं, पण जायला बोलावणं कशाला हवं, माझ्या बापाचं गाव आहे. सकाळच्या एसटीने गेले. मांडवाच्या कडेला टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या लावल्या होत्या. एक उचलून पाहिलं. वंशवृक्षात माझ्या वडलांची फांदी त्यांच्यापाशीच थांबली होती, खाली मी नव्हते. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण मधल्या पानावर, अख्ख्या पानभर, राणीकडच्या बाजूचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'आमच्या पणजोबांनी रणांगणावर मिळवलेलं पदक'.

माझं डोकं सणकलं. पर्समधून बॉलपेन काढलं, खुर्ची ओढली आणि बसले. प्रत्येक पुस्तकाचं ते पान उघडायचं, छापलेल्या ओळीवर रेघ मारायची आणि खाली त्या शिपायाचं पूर्ण नाव मराठीत लिहायचं. शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्यात, हाताला सवय आहे. लोक बघू लागले, कुजबुजू लागले. कुणीतरी भावाला बोलावून आणलं. त्याने माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. मी दुसरं उचललं.

तेवढ्यात काकू आल्या, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. मी मनात म्हटलं, आता ह्या लेकाची बाजू घेणार, आणि बरोबरच आहे, आई आहे. त्यांनी माझ्यासमोरचं पान बघितलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवती?"

मी नाव वाचलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या माणसांचा पत्ता लागावा म्हणून सैन्याच्या जुन्या दप्तराकडे पत्रं टाकली आहेत. ती सापडली तर त्यांनी ते नाव माझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं.

काकूंनी ते नाव स्वतः म्हणून पाहिलं. पहिल्यांदा अडखळल्या, दुसऱ्यांदा नीट आलं. मग म्हणाल्या, "साठ वर्सं आंगुळ घातली त्येला. नाव आज कळलं."

भाऊ म्हणाला, "आई, तू घरात चल."

काकूंनी सुनेला खुर्ची आणायला लावली आणि माझ्या शेजारी बसल्या. एक पुस्तक मांडीवर घेतलं, फोटोचं पान शोधून उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं. त्यांनी पुढचं उघडलं.