धाकट्या भावाचे गुण

१४ जून, रविवार. दुपारच्या खेळाची दोन तिकिटं, प्रत्येकी एकशेऐंशी, एकूण तीनशेसाठ रुपये. पैसे बायकोने भरले, कारण नवरा पाकीट घरी विसरला होता. माझे उद्या देतो, असं तो जिन्याशी थांबून म्हणाला. माझे म्हणजे त्याच्या एकट्याच्या तिकिटाचे. तिने आपलं तिकीट शिवणाच्या पैशांतून काढायचं, हा त्या घरातला जुना नियम होता. ती स्वतःच्या हौसेने सिनेमाला येते, असं त्याचं म्हणणं.

ती आली नसती तर त्याला त्या दिवशी तिकिटाची खिडकीसुद्धा सापडली नसती.

तो कापडाच्या गिरणीत शेवटच्या टेबलावरचा तपासनीस होता. टेबलाच्या तिरक्या काचेखाली दिवे असत, वरून ठाण सरकत जाई, आणि भोक, गाठ, तुटलेला धागा किंवा डाग दिसला की त्याने तिथे खडूची खूण करायची. पण गिरणीत त्याला परीक्षक म्हणत ते कापडामुळे नव्हे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले की रविवारी पाहिलेल्या सिनेमाचा विषय निघे. ज्याचं त्याचं बोलून झालं की हा डब्याचं झाकण लावी आणि नटनट्यांना गुण देई. नायकाला पस्तीस, ढकलपास. नायिकेला अठ्ठावीस, पुढच्या वर्षी परत बसवा. गुण नुसते नटांना मिळत नसत. कुणाला एखादा सिनेमा आवडला, तर त्याच्या आवडीचीही तो सालं काढी. पॅकिंगमधल्या बाईंनी एकदा एका नायकाचं कौतुक केलं, तेव्हा त्याने विचारलं, तुम्ही अभिनय बघता की केस? बाई पुढचे दोन महिने सिनेमावर बोलल्या नाहीत. आणि यंत्रांना तेल देणारा तेलवाला, साधा माणूस, एकदा म्हणाला की शेवट बघून मला रडू आलं. परीक्षक म्हणाला, "तुझ्या डोळ्यांतून तेलच गळलं असेल." अख्खी शेड हसली. तेलवालाही हसला, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

दीड वर्षापूर्वी परीक्षकाची नजर गेली. एक डोळा आधीच अधू होता, दुसऱ्याचीही शीर सुकली. समोर माणूस आहे की खांब एवढं कळे, चेहरा कळत नसे. डॉक्टरांनी हात टेकले. निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. गिरणीचा नियम असा, की पूर्ण नोकरी केली तर पूर्ण रक्कम, आणि अपात्र ठरून मधेच जावं लागलं तर निम्मी. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. रस्ता पायांना पाठ होता. टेबलावर तो ठाणावरून बोटं फिरवी, आणि भोक, गाठ, तुटका धागा सगळं बोटांना लागे. मालक पाहुण्यांना टेबलापाशी आणून सांगत, हा आमचा माणूस, डोळ्यांत तेल घालून काम करतो.

फक्त तेलाचा डाग बोटांना लागत नाही.

डाग पडलेली ठाणं गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागली, तेव्हा परीक्षकाने शपथेवर सांगितलं की माझ्या टेबलावरून गेलं तेव्हा कापड स्वच्छ होतं. म्हणजे डाग पुढे, ठाण गुंडाळणाऱ्या यंत्रावर पडले. म्हणजे तेलवाल्याचा हात सैल. तेलवाल्याचा पगार दर महिन्याला कापला जाऊ लागला. त्याने दोनदा मॅनेजरच्या पाया पडून सांगितलं की डाग आधीच असतात. मॅनेजर म्हणाले, परीक्षकाला दिसले नाहीत आणि तुला दिसले का?

सिनेमा सोडता येत नव्हता. सोमवारी परीक्षक गप्प बसला असता तर कुणीही विचारलं असतं, काय झालं? म्हणून बायको. दोघं शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसत आणि ती त्याच्या कानात पडद्यावरचं सांगत राही. त्याची ताकीद असे, की दिसतं तेवढंच सांग, तुझं मत नको. पण तिच्या तोंडून निसटे. ही बाई रागावते तेव्हा आधी पदर सारखा करते, बघा. किंवा, हा रडतोय पण गळ्याची शीर हलत नाही हो. सोमवारी ते शेडमध्ये जसंच्या तसं परीक्षकाच्या नावावर जमा होई. घरी मात्र पाहुण्यांसमोर ती सिनेमावर काही बोलू लागली की तो म्हणे, "तू चहा टाक. तुला सिनेमातलं काय कळतं?" हे वाक्य तिने लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमापासून ऐकलं होतं. मोजायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

चौदा जूनचा सिनेमा एका घराच्या वाटणीचा होता. पडद्यावर नवरा, बायको, सासू, वकील. परीक्षकाची बायको कानात सांगत होती, हा ऐकत होता. मधेच ती बराच वेळ थांबली. त्याने कोपर मारलं. काही नाही, ती म्हणाली, रिकामी खोली दाखवतायत. पुढेही ती तशी चार-सहा वेळा थांबली. खोल्या फार दाखवल्यात, असं परतताना तो म्हणाला. ती हो म्हणाली.

सोमवारी शेड भरलेली होती. त्या सिनेमाने सगळ्यांना पिळून काढलं होतं. परीक्षकाने झाकण लावलं आणि सुरुवात केली. नवऱ्याला बावन्न. आवाज चांगला, पण प्रत्येक वाक्य दारात उभं राहून बोलल्यासारखं. सासूला एकसष्ट. वकिलाला शून्य, त्याला खटला हरताना बघून अशिलाने टाळ्या वाजवल्या असत्या. लोक हसले. मग दिग्दर्शकाचे पाच गुण कापले, रिकाम्या खोल्या दाखवल्याबद्दल.

तेलवाल्याने विचारलं, "आणि धाकट्या भावाला किती?"

परीक्षक सावध झाला. मागे एकदा याच लोकांनी त्याला फसवण्यासाठी सिनेमात नसलेल्या एका मावशीचे गुण विचारले होते, आणि त्याने सगळ्यांना तोंडघशी पाडलं होतं. त्या विजयाची गोडी त्याच्या जिभेवर अजून होती. शिवाय तीन तासांत त्याने कुठल्याही धाकट्या भावाचा आवाज ऐकला नव्हता.

"त्यात धाकटा भाऊ नाहीच," तो म्हणाला. "मागच्या वेळी मावशी आणलीत, आता भाऊ. तू बघत होतास की घोरत होतास?"

कुणी हसलं नाही. पॅकिंगच्या बाई हातातला घास तसाच धरून बसल्या. सिनेमातला धाकटा भाऊ मुका होता. तो प्रत्येक प्रसंगात होता, पण घरात त्याचं नावही कुणी काढत नाही, वाटणीत त्याच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि शेवटी रिकाम्या झालेल्या खोल्यांतून तो एकटा फिरतो. लोक रडले होते ते त्याच्यासाठी. पोस्टरवर त्याचाच चेहरा होता.

तेलवाला उठला. त्याच्या डोक्यात दीड वर्षाचा कापलेला पगार एका जागी येऊन बसला. हलक्या पावलांनी परीक्षकाच्या पुढ्यात वीतभर अंतरावर जाऊन वाकला आणि त्याने जीभ बाहेर काढली. मग दोन्ही कान ओढले. मग डोळे तिरळे केले. अगदी त्या मुक्या भावासारखा, आवाज न करता.

परीक्षक बोलतच होता. आजकालच्या लोकांना पडद्याकडे बघायचं कसं तेच कळत नाही, सगळं लक्ष खाण्यात, नटाच्या डोळ्यांत काय चाललंय ते टिपायला नजर लागते. समोर काहीतरी उभं आहे एवढं त्याला जाणवलं, तेव्हा त्याने मान किंचित बाजूला केली, खांबाला टाळावं तशी. शेडमधली तीस माणसं तोंडावर हात धरून बसली होती. काहींचे खांदे हलत होते. पॅकिंगच्या बाईंनी चटकन उठून मॅनेजरला खुणेने दारातून आत बोलावलं, आणि तेही उभे राहून बघू लागले. थांबव, असं कुणीच म्हणालं नाही. तेलवाल्याने खिशातला तेलकट बोळा काढला, परीक्षकाच्या पांढऱ्या शर्टावर छातीपाशी अलगद टेकवला आणि मागे सरकला. काळा गोल उमटला. परीक्षकाने हात नेला, बोटं फिरवली, आणि काही लागलं नाही म्हणून हात खाली घेतला.

"बोला ना," मॅनेजर म्हणाले. "थांबलात का? चाललंय ते छान चाललंय."

तो आवाज ओळखून परीक्षक उभा राहिला, आणि मग मात्र शेड मोठ्याने हसली.

घरी आल्यावर त्याने शर्टही न बदलता विचारलं, सिनेमात मुका भाऊ होता का?

"होता," बायको म्हणाली. ती मशिनवर बसली होती. पाय थांबले नाहीत.

"मग मला सांगितला का नाहीस?"

"मला सिनेमातलं काय कळतं?"

तो भिंतीला धरून उभा राहिला. माझी नोकरी गेली, निम्मे पैसे गेले, तुला समजतंय का, असं काहीबाही बोलला. तिने दोरा तोडला. नोकरीचं तिच्या मनात नव्हतं, तसं तिने सांगितलंही. नोकरी गेली तर तिचंही निम्मं जाणार होतं.

"सगळ्यांत चांगलं काम त्याचं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, एवढं एक तुमच्या तोंडी जायला नको. शर्ट काढून ठेवा, डाग पडलाय."

गिरणीने त्याला महिनाअखेर अपात्र ठरवलं. निम्म्या रकमेतून तेलवाल्याच्या पगाराची कापलेली बाकी वळती करून घेतली आणि उरलेली हातावर ठेवली. तेलवाल्याला त्याचे पैसे मिळाले, परीक्षकाचं रिकामं टेबल मिळालं नाही. सोमवारी आता गुण पॅकिंगच्या बाई देतात आणि त्याही कुणाला पास करत नाहीत. त्या दुपारची नक्कल मात्र तेलवाला कुणी म्हटलं की करून दाखवतो. नव्याने लागलेल्यांना ती पहिल्याच आठवड्यात दाखवतात.

बायको रविवारी सिनेमाला एकटी जाते. परत आली की तो विचारतो, कसा होता? बरा होता, ती म्हणते, आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात जाते. दिव्याची तिला गरज असते, पण त्याच्यासाठी तो लावला काय आणि न लावला काय, हे बटणाचा आवाज न आल्याने त्याला कळावं, एवढ्यासाठी ती तो लावत नाही.

चौदा जूनच्या तिकिटाचे एकशेऐंशी रुपये त्याने तिला अजून दिलेले नाहीत.