माउंट न होणारी डिस्क आणि अमावास्येचा नारळ

मंडळी, मल्लेशअण्णांच्या कारखान्याजवळ आत्ता कुणी आहे का?

अण्णांचा चादरींचा कारखाना. आज सकाळी ते भवानी पेठेतल्या माझ्या रिपेरिंगच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन आले. वारलेल्या वडिलांनी केलेली सगळी डिझाइनं त्यात.

विंडोज सुरूच होईना, म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी सिस्टिम चालू केली. ती उघडली, पण आतली डिस्क माउंट होईना, म्हणजे तिच्यातल्या फाइली दिसेनात. नुसती वाचण्यापुरती माउंट करायला गेलो, तर आतून टिक टिक आवाज यायला लागला.

लगेच बंद करून डबा खोलला. डिस्कच्या सर्किटवर कुंकवाचा चिकट थर, खाली गंज.

"अण्णा, पाणी सांडलं होतं का?"

"पाणी कशाला सांडेल? दर अमावास्येला दिवाबत्तीच्या वेळी नारळ फोडतो की. मागाला बी, कॉम्प्युटरला बी."

"डिझाइनांची दुसरी कॉपी?"

"हाय की. कारखान्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर."

अण्णा निर्धास्त होऊन गेले. मीही निर्धास्त होतो, आत्ता कॅलेंडरकडे नजर जाईपर्यंत.

आज अमावास्या आहे.

फोन लावतोय, पण मागांच्या खडखडाटात रिंग कुणाला ऐकू जाणार? दिवे लागायची वेळ झालीय. मी गाडी काढलीय, पण जवळ कुणी असाल तर आधी पळा आणि अण्णांचा हात धरा.