लाकूड मांडीवर घ्यायचं नाही

आमच्या सासूबाई, रंभाबाई, हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. आजवर किती मूर्तींना त्यांनी डोळे दिले, त्यांनाही ठाऊक नाही. "एवढे केले, सगळे पाण्यात गेले. एक तरी घरात राहू दे," म्हणून गेल्या दिवाळीनंतर त्यांनी लाकडाचा गणपती कोरायचं डोक्यात घेतलं. एकदा डोक्यात घेतलं की त्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

शिवणीचा ओंडका आला, पटाशी आली. आणि बाईंनी काय करावं? शाडूची मूर्ती घेतात तसा ओंडका मांडीवर घेतला, डाव्या हातात धरला आणि पटाशी स्वतःकडे ओढायला लागल्या. मातीत कोरणी अशीच चालते, फार तर नखात शाडू जातो. इथे पटाशी अडली, मग सटकली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल शिरली. टाके पडले.

मला रडूही आलं आणि रागही आला. आखणी करताना मूर्तीचं डोकं मागून डाव्या हातानेच धरायचं असतं. तो हात जरा हलला तरी डोळा वाकडा होतो. कारखान्याचे मालक हैबतराव बघायला आले, ते चहा न घेताच उठले. दारात मला म्हणाले, "हात बसला नाय तर यंदा दुसरं कोणतरी बघावं लागंल." आईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! अंगठा भरत आला तसा त्यांनी पुन्हा ओंडका काढला. चोरून कोरतील त्यापेक्षा शिकून कोरू देत, म्हणून मीच त्यांना खांब गावाला महिपती मिस्त्रींकडे नेलं. दारं आणि देव्हारे करण्यात त्यांचा जन्म गेलेला. वण बघून ते हसले.

"मातीवाल्यांचा हात हाय. लाकूड मांडीवर नाय घ्यायचं, वहिनी. शिकंज्यात आवळायचं. दोन्ही हात धारेच्या मागं, आणि पटाशी आपल्यापासून लांब ढकलायची."

मी रोह्याला कंपनीत जाते. शिफ्ट सुटल्यावर बाजारातून एक शिकंजा आणि जाड हातमोजे आणले. "यात हातच कळत नाय गो," म्हणून त्यांनी मोजे भिरकावले. मी पटाशी लपवून ठेवली. मग तह झाला: डाव्या हातात मोजा, उजवा मोकळा. हळूहळू सोंड आली, कान आले. डोळ्यांची जागा त्यांनी कोरीच ठेवली.

चैत्रात कारखान्यातून बोलावणं आलं. सुट्टी टाकून मीही गेले. हैबतराव दुसरीच मूर्ती बघत असल्याचं नाटक करत मागे उभे. आईंनी डोकं धरलं. अंगठा उचलून पुन्हा नीट बसवला. त्या थांबल्या, श्वास सोडला आणि कुंचला टेकवला. एक डोळा झाला, मग दुसरा. हैबतराव जवळ येऊन बघत राहिले.

"उद्यापास्नं जरा लवकर या," एवढंच म्हणाले. मला तिथेच रडायला आलं.

घरी आल्यावर आईंनी हात धुतले, शिकंजा सैल केला आणि मोजा न घालताच लाकडाचा गणपती मांडीवर घेतला. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनी उजवा हात वर करून दाखवला. हातात कुंचला होता.

"पटाशी होती तवर लांबच ठेवला ना त्याला," त्या म्हणाल्या, आणि वण पडलेल्या हातानं त्याचं डोकं मागून धरलं.