खडकावरून उतरल्यावरची भूक

कुंभकोणमात दगड म्हणाल तर देवळांत आहे, नाहीतर इडलीचं पीठ वाटायच्या रगड्यात. बाकी जिकडे बघाल तिकडे कावेरीचा गाळ, भाताची खाचरं आणि केळीच्या बागा. अशा गावात मी लग्न करून आले. मी नाशिककडची, अर्धं तरुणपण कातळाला लटकण्यात घालवलेली. माझ्या आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं, "तिथे तू चढणार कशावर? नारळावर?"

नवरा दातांचा डॉक्टर. घराणं तंजावूर मराठी, म्हणजे मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले त्या लोकांचं. घरात बोलतात ती मराठीच, पण काही पिढ्यांपूर्वीची, आणि तिच्यात तमिळ छान मुरलेलं. माझ्या मराठीबद्दल सासूबाईंचं मत अजून बदललेलं नाही. "ही फार धांवते," म्हणतात. आम्ही दोघं भेटलो बंगळूरजवळच्या खडकांवर. तो तिथे शिकत होता आणि मित्रांच्या नादाने एकदा चढायला आला होता. अर्ध्यात अडकला, तेव्हा त्याचा दोर माझ्या हातात होता. तो दोर अजून माझ्याच हातात आहे असं मी म्हणते. तो म्हणतो, सोडलास कधी?

घरात मी त्याला 'अहो' म्हणते, सासूबाईंना ते बरं वाटतं. खडकावर मात्र 'अरे'. वर लटकलेल्या माणसाला "अहो, जरा उजवा पाय वर घेता का?" असं विचारत बसलं तर तोवर तो खाली आलेला असतो.

चढायला आम्ही पुदुक्कोट्टैच्या बाजूला जातो. दोन-अडीच तासांची वाट. तिथे शेतांमधून एकदम उघडेबोडके ग्रॅनाइटचे डोंगर उठतात. ज्यांच्यावर देवळं आणि जुनी कोरीव कामं आहेत त्यांना हात लावायचा नाही; त्यांच्या पलीकडे बिननावाचे पुष्कळ आहेत. थंडीतले रविवार तेवढे आमचे, कारण मार्चनंतर त्या दगडावर डोसा होईल. आणि ग्रॅनाइट बोटांची सालं काढतो. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं अशी होतात की सांबार-भात कालवताना डोळ्यांत पाणी यावं.

खरं सांगायचं तर मला चढण्याइतकंच परतणं आवडायचं. दिवसभर दगडाशी झोंबल्यावर लागते ती भूक वेगळी. भुकेला कोंडा म्हणतात ते खरं, पण आमच्या वाटेवर कोंडा खायची वेळ कधी आली नाही. तंजावूरच्या अलीकडे चिंचेखाली एक चहाची टपरी आहे, तिथे उडदाचे वडे गरम तेलातून थेट कागदावर येतात. पुढे सुंदरपेरुमाळ कोयिलजवळ रेल्वेचं फाटक. ते आमच्यासाठी हमखास बंद असतं आणि आम्हाला त्याचा कधी राग आला नाही, कारण फाटकाशेजारी एक बाई पणियारम करते, म्हणजे आपले आप्पेच, बिडाच्या साच्यात, सोबत लाल मिरचीची चटणी. गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी नवरा "हा शेवटचा" म्हणत तोंडात कोंबत असायचा.

आणि सगळ्यांत शेवटी कुंभकोणम. महामखम तळ्याच्या जवळच्या एका गल्लीत एक जुनं हॉटेल आहे. तिथे रविवारी संध्याकाळी कडप्पा करतात. पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मी दचकलेच. आमच्याकडे कडप्पा म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याला लावतात तो काळा दगड. दिवसभर दगड चढायचा आणि संध्याकाळी पुन्हा दगडच खायचा का? पण इथला कडप्पा म्हणजे मूगडाळ आणि बटाट्याचं दाटसर कालवण, खोबरं, खसखस आणि बडीशेपेचं वाटण घातलेलं. केळीच्या पानावर इडल्या ठेवतात आणि त्यांच्यावर तो पळीने ओततात. इडली बुडेपर्यंत ओततात. त्या हॉटेलात आम्ही वर्षानुवर्षं मळके कपडे आणि सोललेली बोटं घेऊन बसलो आहोत. बोटं झोंबायची, तरी चमचा मागायची मला लाज वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. मग बरेच महिने औषधं. पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, आता काही नको, फक्त खायला घाला. आम्ही घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. पण नवऱ्याची भूक गेली ती गेलीच. समोर ठेवलं की तो खायचा, औषध घ्यावं तसं, चार घास, आणि मग "पुरे". आम्हाला वाईट वाटू नये म्हणून वर "छान जालें हो" असंही म्हणायचा. हा मनुष्य पूर्वी सांबारातल्या हिंगावर वाद घालणारा. तो 'छान' म्हणाला की मी त्याच्याकडे न बघता ताट उचलायची.

सासूबाईंच्या घरची एक रीत आहे. आजाऱ्यापुढे कुणी चवीने जेवायचं नाही. "पथ्य म्हणजे घराचें," त्या म्हणाल्या होत्या. "तेच्या एकट्याचें म्हणूं नये. तेच्यापुढें चाटूनपुसून खाणें बरें नोहे." म्हणजे त्याला मऊ भात तर सगळ्यांना मऊ भात. त्याला मिऱ्याचं रस्सम, तर आम्हालाही तेच. तळण बंद, वाटण बंद, वास सुटेल अशी फोडणीसुद्धा बंद. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, लोणच्याशिवाय घास न उतरणारी बाई, त्यांनी मुलासाठी बरणीला हात लावला नाही. मला ती रीत फार सुंदर वाटली होती. मीही मनापासून पाळली. आमच्या घरातलं जेवण हळूहळू इतकं सभ्य झालं की ताटावर कुणाचा आवाजसुद्धा होत नसे.

जानेवारीत मी म्हटलं, चला, जाऊन येऊ. चढायचं नाही, नुसता दोर धरा. सासूबाईंनी जाताना मऊ भाताचा डबा दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या लेकाला लढाईवर नेते आहे.

डोंगराखाली त्याने हार्नेस घातला. पट्टा ओढला, आणखी ओढला, शेवटपर्यंत ओढला, तरी तो कमरेवर सैलच राहिला. आम्ही दोघांनीही त्याकडे बघितलं. मी त्याच्या शर्टावर माझा स्वेटर चढवून वर पट्टा आवळला. मग मी चढले, त्याने दोर धरला. हात त्याचे तेच होते. दुपारी, ऊन कलल्यावर, तो स्वतःहून म्हणाला, "तो आडवा कातळ मी करीन." तो कातळ इतका सोपा की शेळ्याही चढतात. त्याला पुष्कळ वेळ लागला. वर पोचल्यावर तो खाली बसला आणि भाताच्या शेतांकडे बघत राहिला, आणि मी खाली दोर घट्ट धरून उभी होते. मला इतकं बरं वाटत होतं की मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले.

मला वाटलं, आता भूक लागेल. दगडाने आजवर कधी दगा दिला नव्हता.

चिंचेखालच्या टपरीवर मी गाडी थांबवली. वडे तळत होते. "खाणार?" मी विचारलं. "तूं खा," तो म्हणाला. त्याच्यापुढे कसं खायचं? मी नुसता चहा घेतला. फाटक बंदच होतं. पणियारमवाली खिडकीशी आली, तिने आम्हाला ओळखलं, "किती दिवसांनी आलात," म्हणाली आणि एक पणियारम उलटा करून दाखवला. खालची बाजू अशी खरपूस लाल झालेली. "तूं घे की," तो म्हणाला. मी काच वर केली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते म्हणणं कमीच आहे, कावळ्यांची पंगत बसली होती. सकाळी दोन केळी खाऊन मी दिवसभर चढले होते.

कुंभकोणमात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलच्या दाराशी तो म्हणाला, "कॉफी घेऊं आणि घरी जाऊं. अम्मा वाट बघतील."

आत बसलो. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ इडली कडप्प्यात बुडवून खात होता. बडीशेपेचा तो वास आला आणि माझं डोकं फिरलं. मी तापट आहे, हे मला ठाऊक आहे, पण त्या संध्याकाळी मला राग कुणाचा आला ते धड सांगता येणार नाही. त्याचा आला, त्याच्या आतड्यांचा आला, मऊ भाताचा आला, माझ्या स्वतःच्या चांगुलपणाचाही आला. मी म्हटलं, "अरे, तुला नको तर नको. मला भूक लागली आहे." आणि वाढप्याला इडली-कडप्पा सांगितलं. एकटीसाठी.

हॉटेलात मी त्याला 'अरे' म्हटलं, हेही त्या क्षणी मला कळलं नाही.

पान आलं. त्याने आपला डबा उघडला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी खाल्लं. किती महिन्यांनी खाल्लं! अधाशासारखं, मान खाली घालून, बोटं झोंबत होती, नाकातून पाणी येत होतं, पानावरून ओघळ टेबलाकडे निघाला तो मी इडलीच्या तुकड्याने अडवला आणि तोंडात टाकला. सासूबाईंनी बघितलं असतं तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते. मध्येच मला वाटलं, आपण हे काय करतोय, समोर आजारी माणूस बसलाय. पण हात थांबेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इकडे उष्ट्याला एच्चिल म्हणतात, आणि त्याचा विटाळ आमच्याकडच्यापेक्षा कितीतरी कडक. बाटलीला ओठ लावत नाहीत, वरून धार धरतात. एकाच्या पानातलं दुसरा उचलत नाही, मग ते नवरा-बायको का असेनात. माझा नवरा तर यात सोवळ्याहून सोवळा, कारण दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आत काय काय असतं ते त्याला ठाऊक. लग्नानंतर एकदा मी लाडाने माझ्या ताटातला मोदक त्याच्यापुढे धरला होता, तर तो "आयो" करून पाटावरून उठला होता.

तर मी खात होते, आणि माझ्या पानावर एक हात आला.

आधी मला वाटलं, ओघळ पुसतो आहे. पण त्याने माझी अर्धवट मोडलेली इडली उचलली, जिच्यावर माझ्या बोटांचे ठसे होते, ती माझ्याच पानावरच्या कडप्प्यात फिरवली आणि खाल्ली. मी तशीच राहिले, घास तोंडात. त्याने दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. मग पान हळूच स्वतःकडे ओढलं, एखाद्या मुलाने दुसऱ्याचं खेळणं ओढावं तसं, माझ्याकडे न बघता.

"अरे, ते एच्चिल आहे," मी म्हटलं.

"मज ठावें आहे," तो म्हणाला. तोंड भरलेलं होतं. मग चावता चावता त्याने कपाळाला आठी घातली. "यांणीं आज बडीशेप फार घातली."

किती महिन्यांनी त्याला काहीतरी चवीला वाईट लागलं होतं. मला रडू आलं, सरळ सरळ रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. वाढपी लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आला. त्याला वाटलं, मला तिखट लागलं.

"तूं दुसरें मागव," नवरा म्हणाला. "हें आतां माझें."

मी दुसरं पान मागवलं. ते येईपर्यंत माझी भूक मेली होती. समोर तो माझं पान पुसून खात होता आणि मधून मधून माझ्याकडे नजर टाकत होता. मी थांबले तर तोही थांबेल अशी मला भीती वाटली. म्हणून मी मान खाली घातली, एकेक घास ढकलत राहिले, आणि त्याने तिसरी इडली मागितली तेव्हा मीही आणखी एक मागितली.