खंडेनवमीला चाललेलं मशीन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसणारा माणूस. आजही हसतो. पण ही गोष्ट आठवली की हसू येत नाही, डोकं फिरतं.

साल १९९९. नगरला सावेडीत आमचं छोटं ऑफिस होतं. मी मिरजगावचा, सुनील तिसगावचा. जावात लिहिलेला एक ओपन सोर्स सर्व्हर आम्ही सीडीवरून उतरवून वापरत होतो, आणि तो मध्येच गपकन थांबायचा. चूक शोधायला सुनीलनं वेगळं मशीन तयार केलं... जावासाठी लागणारं जेडीके टाकलं, सोर्स कम्पाइल केला, पाथ जुळवले, एकेका ओळीवर थांबून तपासणारा डीबगर जोडला. आठ दिवस खपला. संशयाची ओळही त्यानं हेरली होती, पण तपासायच्या आत दसरा आला.

दरवर्षीप्रमाणे तो अष्टमीलाच नागपूरला दीक्षाभूमीवर निघाला. मशीनच्या पूजेला थांबत नाही म्हणून ऑफिसचे मालक, आमचे सर, आधीच धुसफुसत होते. नवमीला सरांनी सगळ्या मशीनचे प्लग काढले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिले, कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

दसऱ्यानंतर सरांनी माझ्यासमोरच कुलूप उघडलं. सुनीलच्या मशीनचा प्लग सीपीयूवरच होता, त्यावर सुकलेला झेंडू. चालू केलं, तर लॉगमध्ये नोंद – नवमी, दुपारी तीन. सर्व्हर सुरू, सुनीलच्याच ओळीवर थांबलेला, चूक उघडी पडलेली. मशीनमधलं घड्याळ तपासलं, अगदी बरोबर होतं.

मी आनंदानं सरांना दाखवलं. त्यांनी फक्त तारीख वाचली.

"सुनीलनंच पूजेतलं मशीन बाटवलं," म्हणाले.

किल्ली तुमच्याकडे होती, असं मी म्हणालो. ऐकतो कोण. सुनील परतला, त्यानं एस.टी.ची तिकिटं टेबलावर ठेवली.

"सर, मी नागपुरात हुतो. पन ती ओळ बघा, चूक तिथंच हाय."

त्याच दुपारी त्याला काढलं. आणि ती ओळ? ती मलाच दुरुस्त करायला लावली. सर्व्हर नंतर कधी थांबला नाही. मी गप्प बसलो, नोकरी टिकवली. स्वतःचाही संताप येतो तो याचाच.

प्लग नसलेलं मशीन कसं चाललं, कोणी चालवलं, मला आजही माहीत नाही. पण सुनीलनं नागपुरात राहून बंद कुलपाआड मशीन चालवलं, हे सरांना पटलं... तो खरं बोलतोय, एवढंच पटलं नाही.