विहीणबाईंच्या नावानं आलेला फराळ

बेंबळीत मी तीस वर्षं पोस्टमन होतो, त्यामुळं पत्ता या विषयावर मला कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. (बायकोचं मत वेगळं आहे.)

गेल्या वर्षी लेकीची, मनीषाची, लग्नानंतरची पहिली दिवाळी. दिवाळसणाला दोघं आमच्याकडं यायची होती, पण जावयांना सुट्टी मिळेना. मग निदान फराळ तरी सांगलीला वेळेवर पोचायला हवा! नाहीतर विहीणबाई म्हणणार, माहेरचं काही आलंच नाही. माझ्या बायकोनं, सुमननं, चार दिवस कढईपुढं काढले. पुड्या बांधणं तिच्याकडं, पत्ता माझ्याकडं.

खोकाही मीच शोधला. लग्नानंतर विहीणबाईंनी ज्यातून आम्हाला हळद आणि बेदाणे पाठवले होते, तोच. चांगला मजबूत!

"अवो, वरचा जुना कागद काढा की," सुमन म्हणाली.

"मला शिकवू नको! पुठ्ठा फाटंल. नवा पत्ता खालच्या बाजूला चिकटवतो, झकास!"

नरक चतुर्दशीला दुपारी दारात पार्सल आलं. पाठवणार विहीणबाई, घेणार मी! सुमन शेजारी गेलेली. मी खोका फोडला. चकल्या, करंज्या, शेव! एक चकली तोंडात टाकली आणि लगेच सांगलीला फोन लावला.

"विहीणबाई, पार्सल मिळालं बरं का!"

"कसलं पार्सल?"

काय हा विनय! "असू द्या, असू द्या! पण चकली म्हणजे काय चकली! आमच्या घरात अशी कधी झाली न्हाय!"

"हो का," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मागं वळलो तर उंबऱ्यात सुमन. मी लगोलग सावरून घेतलं. (सावरण्यात माझा हात कुणी धरणार नाही!)

"विहीणबाईंचा फराळ आलाय. तोंडदेखलं बोललो गं! लई कडक हाय चकली, फोडायला बत्ता लागंल. तुझ्या हाताची सर न्हाय हिला!"

सुमन आत आली. खोक्याजवळ बसली आणि एका पुडीला बांधलेली चिंधी तिनं हातात घेतली.

"हा माझ्या जुन्या साडीचा काठ हाय. अन् ही चकली माझी हाय."

मी खोका उलटा केला. खाली सांगलीचा पत्ता, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात! पोस्टानं वरचा पत्ता वाचून माल इमानदारीत पोचवला होता. पाच मिनिटांत मी एकाच चकलीची स्तुती केली आणि निंदाही केली, आणि दोन्ही वेळा बायकोचाच अपमान झाला!

"उद्या एस्टीनं जायचं. खोका घेऊन. स्वतः!" सुमननं फर्मावलं.

"ऐन लक्ष्मीपूजनाला?"

"पोरगी वाट बघायलीय. निघायचं!"

दिवसभर खोका मांडीवर घेऊन एकटाच सांगलीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मनीषानं दारातच खोका हिसकावला, करंजी खाल्ली आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात विहीणबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या.

"काल तुम्ही टोमणा मारलात, व्याहीबुवा. बरोबरच आहे, आम्ही काही पाठवलं नव्हतं. आज सकाळपासून तळतेय. घ्या, खाऊन बघा!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर कुणी ऐकेना. ताटात दोन्ही घरच्या चकल्या शेजारी शेजारी आल्या. मनीषानं आईला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला.

"हं, सांगा की," फोनमधून सुमन म्हणाली, "कुणाची चांगली झालीय?"

विहीणबाईही पदर सावरून ऐकायला बसल्या.

मी दोन्ही चकल्या एकदम तोंडात कोंबल्या. तोंडात घास असताना बोलू नये, ही आईनं लहानपणी लावलेली शिस्त मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाळली!